मधल्या वेळातलं नाव

“वैजू, एक छोटंसं काम हाय बघ,” आप्पा फोनवर म्हणाले, आणि मी हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवली. आप्पांचं छोटंसं काम कधीच छोटं नसायचं.

“बोला.”

“नवा दर भरला की मशीन जरा वेळ थांबतं न्हवं? ‘कृपया थांबा’ म्हणून?”

“हो. जुना दर पुसून नवा लिहायला दोन-तीन सेकंद लागतात.”

“हां. तर तेवढ्या मधल्या वेळात चेरमनसाहेबांचं नाव फिरू दे, असं त्यांचं म्हणणं हाय. नुसतं ‘थांबा’ काय दाखवताय लोकांना, म्हणाले.”

“आप्पा, उद्या मशीनच्या उद्घाटनाचा कार्यक्रम आणि आज सांगताय?”

“मला तरी कुठं आधी सांगितलं? आत्ता चहा पिता पिता सुचलं त्यांना.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “एवढं मन राख गं त्यांचं. मगदूम टपून बसलाय, तुला ठाऊकच हाय. चेरमन आपल्या बाजूनं असलेले बरे.”

मगदूमांचं प्रकरण मला चांगलं ठाऊक होतं. माळशिवण्याच्या दूध सोसायटीत आप्पा सेक्रेटरी होते. मला आठवतंय तेव्हापासून होते. म्हशीच्या दुधाची फॅट काढावी तर खोत सेक्रेटरींनी, असं गावात बोललं जायचं, आणि आप्पांनी सांगितलेल्या आकड्यावर कुणी दुसऱ्यांदा बघत नसे. वजन, फॅट, दर सगळं आपोआप जोडून पावती देणारं यंत्र सोसायटीनं घ्यायचं ठरवलं, तेव्हा आप्पांनी माझं नाव सुचवलं. संचालक सदाशिव मगदूम बैठकीत उभे राहिले. “लेकीचं मशीन लावताय सेक्रेटरी, काय वाकडंतिकडं झालं तर?” असं त्यांनी विचारलं. आप्पा तापट नव्हते, पण ते लागलं त्यांना. “झालं तर ही खुर्ची सोडीन,” असं सगळ्यांसमोर बोलून बसले. घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा आईनं कपाळावर हात मारून घेतला होता.

म्हणजे उद्याच्या कार्यक्रमात पणाला माझं यंत्र नव्हतं. आप्पांची खुर्ची होती.

“बघते,” मी म्हटलं.

“बघते न्हवं. करतेच म्हण.”

“करते, आप्पा.”

शिरोलीला एका गाळ्यात मी आणि किरण दळवी अशी आमची दोन माणसांची कंपनी होती. तो पेट्या, वायरिंग आणि गिऱ्हाइकं सांभाळायचा, प्रोग्राम मी लिहायची. त्या यंत्रातली चिप स्वस्तातली होती. तिच्यात प्रोग्रामही त्याच मेमरीत आणि दराचं कोष्टकही त्याच मेमरीत. अडचण अशी, की कोष्टक पुसायला घेतलं की तेवढा वेळ ती मेमरी वाचता येत नाही. आणि पुसायचं कसं हे सांगणारा प्रोग्राम तर तिथंच बसलेला! ज्या खोलीचं कुलूप उघडायचं, तिची किल्ली त्याच खोलीत राहावी, तसा प्रकार.

त्यावर उपाय आहे, आणि तो मी मोठ्या हौसेनं केला होता. पुसण्याचं काम करणाऱ्या प्रोग्रामच्या तुकड्याचा, त्या फंक्शनचा, मशीन कोड, म्हणजे प्रोसेसरला कळणारे नुसते आकडे, जसेच्या तसे उचलून रॅममध्ये, वेगळ्या तात्पुरत्या मेमरीत, उतरवायचे आणि प्रोसेसरला सांगायचं, आता इथून चालव. सी भाषेत त्याला दोन ओळी लागतात. एका ओळीत नक्कल, दुसऱ्या ओळीत त्या नकलेकडे बोट दाखवून हाक. पहिल्यांदा ते चाललं तेव्हा मी गाळ्यातच उडी मारली होती, आणि किरणनं मला चहा पाजला होता.

फक्त एक पथ्य होतं. नक्कल केलेल्या कोडनं आपलं काम आपण करावं, बाहेरच्या कुणाला हाक मारू नये. कारण मशीन कोडमधल्या हाका बहुधा पत्त्यानं नसतात, अंतरानं असतात. ‘इथून एवढं मागं जा’ अशा. कोड उचलून दुसरीकडे नेला की ‘इथून’ बदलतं आणि हाक भलत्याच ठिकाणी जाऊन पडते. शिवाय बाहेरचं जे आहे ते सगळं त्याच मेमरीत, जी त्या घटकेला बंद असते. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. दोन नव्या पोरांना मीच हे फळ्यावर चित्र काढून समजावलेलं होतं.

आणि तरी त्या दुपारी, चेरमनचं नाव कुठं फिरवायचं तर मधल्या वेळात, मधला वेळ कुठं तर त्या फंक्शनच्या आत, म्हणून मी सरळ त्या फंक्शनच्या पोटात एक ओळ घातली: नाव दाखव. नाव दाखवणारं फंक्शन अर्थातच बाहेर होतं.

डोकं ठिकाणावर नव्हतं असं म्हणून मला सुटता येणार नाही. डोकं ठिकाणावरच होतं, पण ते अक्षरांत गुंतलं होतं. ‘मा. श्री. शामराव शिनगारे, चेअरमन’ यातला ‘श्री’ त्या बारक्या पडद्यावर नीट उमटेना. मी ठिपका ठिपका करून तो काढत बसले. जमला तेव्हा इतका देखणा दिसला की किरणला हाक मारून दाखवला.

“टेस्ट केलीस?” त्यानं विचारलं.

“केली की. हे बघ.”

मी दर भरला, जतन केला, आणि चेरमनचं नाव उजवीकडून डावीकडे झोकात सरकत गेलं. किरणनं मान डोलावली.

टेबलावर तपासताना आम्ही अख्खा प्रोग्रामच रॅममध्ये चढवून चालवायचो. चिपमध्ये भरायचा वेळ वाचायचा. सगळंच रॅममध्ये असल्यावर नक्कल करायची गरज उरत नसे, म्हणून ती पायरी तिथं आपोआप गाळली जाईल अशी सोय मीच करून ठेवली होती. म्हणजे मी जे तपासलं त्यात ज्याची परीक्षा व्हायला हवी होती तेच नव्हतं. नंतर जुन्या दरासकट चिप भरली, यंत्र सुरू होतंय एवढं बघितलं, आणि खोक्यात घालून मोटारसायकलला बांधलं.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या अंगणात मांडव घातला होता. सकाळचं दूध घालून झालं होतं, तरी कुणी घरी गेलं नव्हतं. बायका किटल्या घेऊन एका बाजूला बसल्या होत्या. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर आमचं यंत्र, यंत्राला झेंडूचा हार. आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि ते उगाचच वायर सरळ करत होते.

चेरमनच्या बायकोनं माझी खण-नारळानं ओटी भरली. चेरमननी शाल पांघरली. माईकवरून माझं कौतुक सुरू झालं. आपल्या मातीतली पोर, परगावी राहून शिकली, मोठ्या शहरात न जाता आपल्या म्हशींसाठी यंत्र केलं, वगैरे. मला लाज वाटत होती, पण ती सुखाची लाज होती. आप्पांकडे बघितलं तर ते जमिनीकडे बघून हसत होते.

“आणि आता,” चेरमन म्हणाले, “म्हशीच्या दुधाला सोसायटीनं दर वाढवून दिलेला हाय. तो नवा दर आत्ता, तुमच्यासमोर, ह्या मशीनमध्ये भरला जाणार!”

टाळ्या पडल्या. चेरमन यंत्राजवळ आले, पडद्याकडे डोळे बारीक करून बघितलं आणि खिसे चाचपले.

“चष्मा ऱ्हायला घरी. सेक्रेटरी, तुम्हीच दाबा. तुमच्या हाताला सवय हाय.”

“साहेब, मान तुमचा…”

“अहो दाबा! मान आत फिरणार हाय न्हवं माझा?” चेरमन मोठ्यानं हसले, आणि फोटो काढणाऱ्याला जवळ बोलावून पडद्याकडे कॅमेरा धरायला लावला.

आप्पांनी एकेक आकडा वाचून दाखवत भरला. मग ‘जतन’ची कळ दाबली. आमच्या कळा मऊ होत्या, दाबल्याचा आवाज यायचा नाही. आप्पांना वाटलं नीट दाबली गेली नाही. त्यांनी पुन्हा दाबली.

पडद्यावर आलं: ‘कृपया थांबा’.

सगळे थांबले. चेरमन वाकले, फोटोवालाही वाकला. नाव आलं नाही. ‘कृपया थांबा’ गेलं, पुन्हा आलं, पुन्हा गेलं. नुसतं लुकलुकत राहिलं.

“थांबलोय की बाबा!” मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढं होऊन यंत्र बंद करून चालू केलं. ‘कृपया थांबा’. पुन्हा केलं. ‘कृपया थांबा’. काय झालंय हे अजून कळलं नव्हतं, पण जे झालंय ते साधं नाही हे कळलं होतं.

मगदूम पुढच्याच रांगेत होते. ते उठले नाहीत, बसल्या जागेवरून शांतपणे म्हणाले, “सेक्रेटरी, काय बोलला होता ते ध्यानात हाय न्हवं?”

आप्पांनी माईक हातात घेतला. आयुष्यात कधी माईकवर न बोललेला माणूस, तो त्यांनी तोंडापासून लांब धरला होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

“मंडळी, मशीनचा दोष न्हाई,” आप्पा म्हणाले. “माझ्या हातनं चूक झालीय. मी कळ दोनदा दाबली. एकदाच दाबायची होती. मशीन गोंधळलं. पोरीनं चांगलं करून दिलेलं, मी बिघडवलं. माफी असावी.”

आणि त्यांनी हात जोडले.

ते मला वाचवायला खोटं बोलत होते का, हा प्रश्न मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारला. नव्हते. त्यांना तेच वाटत होतं. हात जोडलेले आप्पा मी फक्त देवघरासमोर बघितले होते. आता ते हात मगदूमांसमोर जोडलेले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी माईक घेतला. जवळजवळ ओढूनच घेतला.

“आप्पांनी काही केलेलं नाही,” मी म्हणाले. “दोनदा दाबलं काय, दहादा दाबलं काय, त्यानं यंत्र बिघडत नाही. चूक माझी आहे. प्रोग्राम माझा आहे, चूकही माझीच आहे.”

मग बायकांच्या बाजूनं एक म्हातारी म्हणाली, “लेक असावी तर अशी गं बाई!” आणि टाळ्या सुरू झाल्या. मगाशी माझ्या सत्काराला पडल्या होत्या त्याहून जोरात.

“अहो, टाळ्या नका वाजवू, मी खरं सांगतेय!”

टाळ्या आणखी वाढल्या. आप्पांनी डोळे पुसले. मगदूमसुद्धा मान हलवत शेजारच्याला म्हणाले, “बापाला कशी सांभाळून घेती बघ.”

मी यंत्र उचलून आत ऑफिसात नेलं आणि लॅपटॉप उघडला. शोधायला काही लागलंच नाही. फंक्शन उघडलं आणि ती ओळ माझ्याकडे बघत होती. रॅममधल्या नकलेतून नावासाठी मारलेली हाक कुठंच गेली नव्हती. जिथं काहीच नाही अशा पत्त्यावर प्रोसेसर जाऊन पडला होता. दराचं कोष्टक तोवर पुसलं गेलं होतं. अडकलं की यंत्र आपोआप पुन्हा सुरू व्हायचं, कोष्टक कोरं बघून ते भरायला त्याच फंक्शनकडे जायचं, पुन्हा तसंच पडायचं. म्हणून ते लुकलुकणं. फळ्यावर चित्र काढून पोरांना जे सांगितलं, तेच मी केलं होतं.

मी चेरमनना आत बोलावलं. आप्पाही आले, मगदूमही आले.

“साहेब, कारण सापडलं,” मी म्हणाले. “नीट ऐका. या यंत्रात एक काम असं आहे, की ते करायला प्रोग्रामचा एक तुकडा उचलून दुसरीकडे नेऊन चालवावा लागतो. त्या तुकड्यात मी काल एक ओळ वाढवली. ती वाढवायला नको होती.”

“कसली ओळ?”

“समजा, तुमच्या वाड्यावरच्या गड्याला मी सांगितलं, दारातनं निघ, डावीकडं चार घरं सोड, तिथं मारुतीचं देऊळ. तो गडी तुमच्या दारात उभा असेल तर बरोबर पोचेल. पण त्याला उचलून पन्हाळ्यावर नेऊन सोडला आणि तेच सांगितलं, तर?”

“पन्हाळ्यावर कशाला न्यायचा?” चेरमन म्हणाले.

“तसं करावंच लागतं तिथं.”

“मग त्याला पत्ता नीट सांगायचा की.”

“तेच! तेच चुकलं माझं!”

चेरमन हसले. “बाळ, तू हुशार हायस. आमच्या डोक्यावरनं जाईल असं काय काय सांगतीस. पण एक सांग, ती ओळ कसली हुती?”

मी आप्पांकडे बघितलं. ते डोळ्यांनीच ‘नको’ म्हणत होते. पण मला तोपर्यंत सगळं सांगून टाकायचा जणू झटकाच आला होता.

“तुमच्या नावाची,” मी म्हणाले. “मधल्या वेळात नाव फिरवायची.”

चेरमनच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

“म्हणजे माझ्या नावानं मशीन बंद पडलं?”

“नावानं नाही. नाव मी जिथं घातलं…”

“एवढ्या गावासमोर मी सांगू, की शामराव शिनगाऱ्याचं नाव घातलं आणि मशीन मेलं? हा मगदूम मला निवडणुकीपर्यंत जगू देईल?”

मगदूम खिडकीतून बाहेर बघत होते, पण त्यांची मिशी हलत होती.

“तसं न्हाई, साहेब,” आप्पा घाईनं पुढं झाले. “पोर दमलीय. काल रातभर जागी हुती. माझ्यासाठी बोलती ती. दोनदा कळ मीच दाबली, सगळ्यांनी बघितलंय.”

“आप्पा, मी रात्रभर अजिबात जागी नव्हते!”

“बघा,” आप्पा चेरमनना म्हणाले.

मी ती ओळ काढली, चिप पुन्हा भरली. या खेपेला चिपमध्ये, जशी खरी भरायची असते तशी, तपासून. यंत्र उठलं. दर भरला. ‘कृपया थांबा’, आणि मग ‘जतन झाले’. मी मुद्दाम कळ दोनदा दाबली. मग पाच-सहा वेळा. यंत्र ढिम्म हललं नाही.

“बघितलंत?” मी तिघांना म्हणाले. “दोनदा दाबल्यानं काही होत नाही.”

“आता न्हाई हुणार,” चेरमन म्हणाले. “आता तू दुरुस्त केलंस.”

“मग मी जुना प्रोग्राम परत घालते. तुम्ही एकदाच दाबा. एकदाच दाबून बंद पडतं की नाही बघा.”

“नको नको!” चेरमननी दोन्ही हात पुढं केले. “चालू झालंय ते परत बिघडवतीस व्हय? सांजच्याला दूध दारात उभं ऱ्हाईल.”

“पण साहेब, त्याशिवाय तुम्हाला पटणार कसं?”

“पटलंय की. मशीन पक्कं हाय. मगदूम, पक्कं हाय का न्हाई?”

मगदूम खिडकीतून वळले. “मशीनला काय झालंय? मशीन चांगलंच हाय. हाताचा प्रश्न हाय.” मग आप्पांकडे बघून, अगदी मायेनं म्हणाले, “वय कुणाला चुकलंय, सेक्रेटरी?”

आप्पा स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. त्या हातानं त्यांनी किती हजार म्हशींची फॅट काढली होती कुणास ठाऊक. मला त्या खोलीतून पळून जावंसं वाटलं. माझी चूक मी कबूल करत होते, पुराव्यासकट करत होते, आणि कुणालाही ती नको होती. मगदूमांना सेक्रेटरी चुकलेला हवा होता, चेरमनना स्वतःचं नाव जपायचं होतं, गावाला बापासाठी धडपडणारी लेक आवडली होती. आणि आप्पांना मी हवी होते, बिनचूक.

संध्याकाळी घरी आईनं पिठलं-भाकरी केली होती. आप्पा जेवले नाहीत. उंबऱ्याजवळ बसून होते. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांना तरी समजलं पाहिजे, बाकी गाव गेलं खड्ड्यात, असं मी ठरवलं होतं. मी कागदावर चौकोन काढले. ही मेमरी, ही रॅम, हा तुकडा इथून उचलला, इथं ठेवला, आणि ही हाक इथं जायची ती तिकडं गेली. आप्पा माणूस बारकाईचा. मधे मधे प्रश्न विचारत होते, आणि प्रश्न नेमके होते.

“म्हणजे टेबलावर चाललं ते हितं का न्हाई चाललं?”

मी तेही सांगितलं.

“आणि दुसऱ्यांदा कळ दाबली ती?”

“ती यंत्रानं बघितलीसुद्धा नाही, आप्पा. तोवर ते मेलेलं होतं.”

त्यांनी चौकोनांवरून बोट फिरवत तो रस्ता पुन्हा एकदा बघितला. मला वाटलं, आलं. लक्षात आलं त्यांच्या.

मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“लहानपणी तुला खोटं बोलता यायचं न्हाई बघ,” ते म्हणाले. “लगेच तोंड लाल व्हायचं. आईला वाटायचं, ह्या पोरीचं जगात कसं व्हायचं. आज किती नीट, चित्र काढून सांगितलंस. खरंच वाटलं मला घटकाभर.”

“आप्पा, ते खरंच आहे!”

“व्हय, व्हय,” ते म्हणाले. “जेवून घे चल. माझ्यापायी उपाशी नको ऱ्हाऊस.”

पुढच्या बैठकीत त्यांनी स्वतःच खुर्ची सोडली. कुणी मागितली नव्हती. चेरमननी मोठं भाषण केलं. मी बैठकीला गेले होते, पुन्हा एकदा उभी राहिले, पुन्हा सगळं सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं, जसं घरातल्या दुःखी माणसाचं ऐकून घेतात. त्यानंतर मी सांगायचं कमी केलं. किरण म्हणाला, “किती वेळा सांगणार? आणि धंद्याचाही विचार कर जरा.” त्याला मी रागानं बोलले, पण विचार मीही करत होते. कारण शिनगारे चेरमन तालुक्याच्या प्रत्येक बैठकीत आमच्या यंत्राची तारीफ करत होते. मशीन एकदम पक्कं, आमच्या सेक्रेटरीनं चुकून काय तरी दाबलं तेवढंच, पोरीनं तिथल्या तिथं दुरुस्त केलं. गावोगावच्या सोसायट्या आमच्याकडे येऊ लागल्या. एरवी आम्हाला दारात उभं न करणारी माणसं चहा घेऊन यंत्र बघायला लागली. माझ्या चुकीतून आमच्या कंपनीचं नाव झालं, आणि तिची किंमत आप्पांनी मोजली.

रिकामे आप्पा घरात बसेनात. मी यंत्र बसवायला जायची तेव्हा सोबत यायचे. पेटी उतरवायला हात लावायचे, आणि मी जोडणी करत असताना तिथल्या माणसाला वापरायचं शिकवायचे. शिकवायचे फार छान. आकडा कसा वाचायचा, दर कसा भरायचा, दुधाचं भांडं कसं हलवायचं.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या तालुक्यातल्या एका गावात गेलो होतो. तिथला चेरमन, सेक्रेटरी, चार-पाच संचालक यंत्राभोवती उभे होते. मी मागं बसून वायर आवळत होते.

“आणि ही ‘जतन’ची कळ,” आप्पा सांगत होते. “ही एकदाच दाबायची हां. आवाज आला न्हाई तरी थांबायचं. मी दोनदा दाबली हुती. सगळ्या गावासमोर मशीन बंद पाडलं. माझ्या लेकीला मान खाली घालायला लावली मी.”

हातातला पाना मी खाली ठेवला. मी उठून पुढं आले.

“असं काही नाही हो,” मी त्या लोकांना म्हणाले. “दोनदा दाबली तरी चालते. तेव्हा चूक माझ्या प्रोग्रामची होती. आप्पांची नव्हती.”

आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या सेक्रेटरीकडे वळले. त्यांचे डोळे अभिमानानं भरून आले होते.

“बघा,” ते म्हणाले. “अजून सांभाळून घेती मला.”

सगळे कौतुकानं हसले. तिथल्या चेरमननी आप्पांच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, “नशीबवान हाईसा.” आप्पा मान डोलवत होते. सगळे आता माझ्याकडे बघत होते, आणि यंत्र अजून विकायचं होतं.

मीही हसले.